दर शनिवारी बिघडणारा पेन ड्राइव्ह

गाडीच्या टेपवर निळी अक्षरं उमटली, दोनदा लुकलुकली आणि तिथेच ठाण मांडून बसली. एकही फाइल सापडत नाही, असं टेपचं म्हणणं होतं. वहिनीने पेन ड्राइव्ह उपसून काढला, त्याच्या तोंडात फुंकर मारली, रुमालाने पुसला आणि पुन्हा खोचला. टेपने जरा विचार केल्यासारखं दाखवलं आणि परत तेच सांगितलं.

“दुकानात वाजत होता गं,” वन्सं म्हणाल्या. गाडी त्या चालवत होत्या, त्यामुळे नजर रस्त्यावरच होती. “माझ्या डोळ्यांदेखत वाजत होता.”

“दुकानात वाजतो आणि गाडीत त्याची दातखीळ बसते. मग आपण रोज दुकानातच जाऊन बसू या का?”

सिग्नल सुटला, मागच्याने हॉर्न मारला आणि उरलेला रस्ता दोघींनी इंजिनाची घरघर ऐकत काढला. पेन ड्राइव्ह दुरुस्त होऊन हातात आल्याला जेमतेम एक तास झाला होता.

वन्सं म्हणजे वहिनीची नणंद. नवऱ्याची धाकटी बहीण, पण वयाने वहिनीपेक्षा तीन वर्षांनी मोठी. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात वहिनीने गमतीने जुन्या वळणाची ‘वन्सं’ अशी हाक मारली, आणि ती अशी चिकटली की आता वीस वर्षांनी शेजारपाजारचेही त्यांना वन्संच म्हणत. वहिनीही तशीच साऱ्या गल्लीची वहिनी झाली होती. वन्सं एका चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत काचा कापत. गोल काच यंत्राच्या चाकावर धरून फ्रेमच्या मापाची घासायची, कडा गुळगुळीत करायच्या, केसाएवढी फट राहिली तरी परत घासायची, हे त्यांचं काम. वहिनी रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत होती. नळ्यांवर चिठ्ठ्या डकवायच्या, यंत्राने दिलेले आकडे पारखायचे, एखाद्या आकड्यावर विश्वास बसला नाही तर ती नळी पुन्हा लावायची. दोघींची कामाची ठिकाणं दोन चौकांच्या अंतरावर होती, म्हणून चार महिन्यांपूर्वी त्यांनी मिळून एक जुनी राखाडी गाडी घेतली. वहिनीचा नवरा जवळच्याच शाळेत भूगोल शिकवायचा आणि सायकलवरून जायचा. गाडीशी आपला संबंध फक्त ती धुण्यापुरता, असं त्याने पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं.

घरापासून कामापर्यंत पस्तीस मिनिटं. जाताना वहिनीची गाणी, येताना वन्संची, असा करार झाला होता. वहिनीला सकाळी अंगात वारं भरणारी, ढोलाच्या ठेक्याची गाणी लागत. वन्सं त्यांना ‘मिक्सर लावल्यासारखी’ म्हणायच्या. वन्संना जुनी, संथ, विरहाची गाणी आवडत. वहिनीच्या मते त्यांतली बाई एवढी रडण्यापेक्षा त्या माणसाला एकदा सरळ विचारून का टाकत नाही, हाच खरा प्रश्न होता.

गाडीत आधी कॅसेटचा टेप होता, तोही मेलेला. नवा बसवला तो वन्संच्या दुकानामागच्या गल्लीतल्या एका माणसाने. कॅसेट जाऊन जमाना झाला, तरी त्या भागात त्यांना सगळे टेपवालेच म्हणत. टेप छान बसला. कुरबुरी सुरू झाल्या त्या पेन ड्राइव्हच्या.

पहिल्यांदा वन्संनी मोबाइलमधली गाणी जशीच्या तशी पेन ड्राइव्हवर ओतली आणि टेपला त्यांतलं अक्षर कळेना. या यंत्राला एमपीथ्री सोडून दुसरी भाषा येत नाही, असं सांगून टेपवाल्यांनी सगळी गाणी बदलून दिली. दुसऱ्यांदा गाणी वाजली, पण भलत्याच क्रमाने. विरहाने व्याकूळ बाईचा शेवटचा सूर विरतो न विरतो तोच ढोल कडाडायचा आणि वन्संचा पाय ब्रेकवर जायचा. टेपवाल्यांनी ‘जाताना’ आणि ‘येताना’ असे दोन फोल्डर करून दिले, आणि प्रत्येक गाण्याच्या नावाआधी आकडा घालायला शिकवलं. शून्य एक, शून्य दोन, असा. नुसता एक लिहिला तर टेप एकानंतर थेट दहा वाजवतो, हे वन्संनी घरी येऊन इतक्या कौतुकाने सांगितलं होतं की जणू काही त्यांनीच शोध लावला.

पुढचे दोन आठवडे सुखात गेले. मग वन्संना चार नवी गाणी भरायची हुक्की आली. घरच्या कॉम्प्युटरवर ती पाच मिनिटांत भरता आली असती, पण टेपवाल्यांकडून भरून घेतलेली बरी, असं त्या म्हणाल्या. तिसऱ्या शनिवारी पेन ड्राइव्ह गाता गाता गेला आणि मुका होऊन आला. चौथ्या शनिवारी, म्हणजे आज, तो मुकाच गेला आणि मुकाच परत आला. दर वेळी वन्संचं काम दुपारी दोनला संपायचं, त्या चालत टेपवाल्यांच्या दुकानात जायच्या आणि पाचला वहिनीला घ्यायला प्रयोगशाळेशी यायच्या. एका बोटाएवढ्या वस्तूच्या दुरुस्तीला तीन तास लागतात कसे, हा प्रश्न वहिनीला त्या शनिवारी पहिल्यांदाच पडला.

कुठेतरी पाणी मुरत होतं. तिचा पहिला संशय खुद्द वन्संवर होता. मिक्सर बंद पाडायला बाई काहीही करेल, असं तिला वाटलं. पण येतानाची गाणीही बंद होती, म्हणजे तो हिशेब जुळेना. आकडा पटला नाही की नळी पुन्हा लावायची, ही वहिनीची सवय. सोमवारी तिने पेन ड्राइव्ह पर्समध्ये टाकला आणि प्रयोगशाळेत नेला.

त्या दिवशी तपासणी यंत्राची देखभाल करणाऱ्या मशीनवाल्या बाई आल्या होत्या. दर तीन महिन्यांनी यायच्या, यंत्राचं पोट उघडायच्या आणि काम करता करता जगातल्या प्रत्येक यंत्राला नावं ठेवायच्या. वहिनीने त्यांना चहा दिला आणि पेन ड्राइव्ह पुढे केला. बाईंनी तो आपल्या लॅपटॉपला लावला, थोडा वेळ खालीवर पाहिलं आणि गाणी ठणठणीत आहेत, ड्राइव्हही ठणठणीत आहे, असं सांगितलं.

“मग वाजत का नाही?”

बाईंनी समजावून सांगितलं. कपड्यांच्या घड्या घालायच्या जशा वेगवेगळ्या पद्धती असतात, तशा पेन ड्राइव्हवर फाइली लावून ठेवायच्याही असतात. साध्या गाडीतल्या टेपला त्यांतली एकच कळते, फॅट थर्टीटू नावाची. या ड्राइव्हची मांडणी कोणीतरी बदलून एनटीएफएस करून ठेवली होती. दुकानातला भारी टेप दोन्ही वाचत असेल, म्हणून तिथे वाजतो आणि गाडीत वाजत नाही.

चुकून होतं का असं, वहिनीने विचारलं.

“चुकून पाय घसरतो,” मशीनवाल्या बाई म्हणाल्या. “इथे यादीतून हे निवडावं लागतं. मग लॅपटॉप विचारतो, सगळं पुसलं जाईल, चालेल का. मग हो म्हणावं लागतं. मग सगळी गाणी पुन्हा भरावी लागतात. याला चूक नाही म्हणत, मेहनत म्हणतात.”

त्यांनी तारीखही दाखवली. सगळी गाणी शनिवारी दुपारी चार ते सव्वाचारच्या दरम्यान भरलेली होती. वन्सं तेव्हा टेपवाल्यांच्या दुकानात होत्या. बाई ड्राइव्ह तिथल्या तिथे नीट करून द्यायला तयार होत्या, पण वहिनीने नको म्हटलं. तिच्या लेखी तो आता पुरावा होता. हरवू नये म्हणून तिने त्यावर नळीला लावतात तशी पांढरी चिठ्ठी डकवली आणि वर तारीख घातली.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत ती टेपवाल्यांच्या दुकानात गेली. वाटेत तिने भाषणाला चांगली धार लावली होती. साध्या बायका पाहून माणसं फसवतात, ज्याला काम येत नाही त्याने पाटी लावू नये, आणि येत असून बिघडवत असेल तर त्याने सरळ तसं सांगावं, असा एकूण रोख होता.

दुकान लांबट आणि अरुंद होतं. एका भिंतीवर छतापर्यंत स्पीकर, दुसरीकडे खिळ्यांना टांगलेली वायरींची भेंडोळी. पुढच्या मोकळ्या जागेत एक गाडी उभी होती आणि तिच्या उघड्या दारातून दोन पाय बाहेर आले होते. वहिनीने हाक मारल्यावर पायांमागोमाग टेपवाले निघाले. पन्नाशी ओलांडलेले, सडपातळ, कपाळावर काळं लागलेलं. वन्संची वहिनी, अशी तिने ओळख सांगताच ते चटकन उभे राहिले, आणि उभे राहताना गाडीच्या छताला डोकं आपटून घेतलं.

वहिनीने पेन ड्राइव्ह काउंटरवर ठेवला आणि भाषण सुरू केलं. फॅट थर्टीटूपर्यंत ती पोचली तेवढ्यात टेपवाल्यांनी मान खाली घातली.

“दोनदा केलं,” ते म्हणाले. “आधीचे दोन शनिवार खरे होते. त्यानंतर दुरुस्त करण्यासारखं काही उरलंच नाही.”

“नाही उरलं तर नाही. बिघडवायचं कशाला?”

“मग त्या कशासाठी आल्या असत्या?”

वहिनीने इकडे तिकडे पाहिलं, आणि आल्यापासून समोर असलेल्या गोष्टी तिला आता कुठे दिसल्या. काउंटरमागे दोन स्टुलं होती, एक कळकट आणि एकावर नवी कोरी उशी. चहाची किटली एक आणि कप दोन, धुऊन पालथे घातलेले. या माणसाने टेप बसवल्यानंतर एकदाही कामाचं काही घेतलं नव्हतं, हेही तिला आठवलं. मग तिची नजर टेपवाल्यांच्या चष्म्यावर गेली. फ्रेम साधीच होती, पण काचांच्या कडा अशा घासलेल्या होत्या की काच कुठे संपते आणि फ्रेम कुठे सुरू होते ते कळू नये. अशा कडा काढणारी एकच बाई वहिनीला माहीत होती.

“चष्मा नवा दिसतोय,” ती म्हणाली.

टेपवाल्यांचे कान लाल झाले. आधीच्या चष्म्याची काडी चिकटपट्टीने बांधलेली होती, ते पाहून वन्संनी तिसऱ्या शनिवारी माप घेतलं आणि चौथ्या शनिवारी हा आणून दिला, असं त्यांनी सांगितलं. मग न विचारताच बाकीचंही सांगून टाकलं. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. मुलगी परगावी नोकरीला, रविवारी फोन करते. स्वतः ते दुकानाच्या माडीवर राहतात. दर शनिवारी आपण खरं बोलायचं ठरवतो, पण बाई स्टुलावर बसून काचांच्या गमती सांगायला लागल्या की ते राहून जातं, आणि मग पाच वाजतात.

त्यांनी पेन ड्राइव्ह लॅपटॉपला लावला आणि तिच्यासमोर नीट करून दिला. काय निवडतो आहोत ते या वेळी मोठ्याने वाचून दाखवलं. वहिनी दारापर्यंत गेली आणि परत आली. आपण यातलं काही वन्संना सांगणार नाही, ते तुमचं तुम्ही सांगा, एवढं तिने बजावलं, आणि उगीचच कडक आवाजात म्हणाली, “आणि डोक्याला काहीतरी लावा. टेंगूळ आलंय.”

पोटात गोष्ट राहणं वहिनीच्या स्वभावात नव्हतं. वन्संना सांगायचं नाही म्हटल्यावर नवरा उरला. संध्याकाळी वन्सं अंघोळीला गेल्या तशी तिने त्याला स्वयंपाकघरात गाठून सगळं सांगितलं. तो पेपर तपासत होता. लाल पेन हातात तसंच धरून त्याने ऐकून घेतलं आणि या भानगडीत आपण पडू नये, माणसं मोठी आहेत, त्यांचं ती बघतील, असा निकाल दिला. मग दोन उत्तरपत्रिका झाल्यावर त्याने मान वर न करता विचारलं की माणूस दिसायला कसा आहे.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तो सायकलने थेट त्या गल्लीत जाऊन आला. सायकलची घंटी घ्यायला, असं त्याचं म्हणणं होतं. टेपवाल्यांच्या दुकानात सायकलच्या घंट्या मिळत नाहीत, हे त्याला तिथे गेल्यावर कळलं म्हणे. रात्रीची भांडी पुसताना तो एवढंच म्हणाला, “बरा वाटला.” आणि मग बराच वेळ एकच ताटली पुसत राहिला.

त्याचं असं रेंगाळणं समजण्यासारखं होतं. वन्संनी वडिलांच्या आजारपणाची अकरा वर्षं काढली होती. भाऊ-वहिनी होते, पण वडिलांना हात लावायला वन्संच लागायच्या. त्या दिवसांत एक-दोन ठिकाणांहून विचारणा झाली, ती त्यांनी परतवली. नंतर कोणी नातेवाईक हळहळून म्हणालं की पोरीची वेळ निघून गेली, तर वन्सं म्हणाल्या होत्या, “वेळ म्हणजे काय बस आहे निघून जायला?” सगळे हसले होते. वहिनीही हसली होती. त्यानंतर तो विषय घरात कोणी काढला नव्हता, आणि न काढण्याला समजूतदारपणा म्हणायची आपल्याला सवय झाली, हे त्या रात्री तिला जरा बोचलं.

त्याच बुधवारी सकाळी टेप वाजला होता. मशीनवाल्या बाईंनी नीट करून दिला, अशी थाप वहिनीने आधीच मारून ठेवली होती. ‘जाताना’मधलं पहिलं गाणं धडाधड सुरू झालं. वहिनीने चोरून वन्संकडे पाहिलं. मन लावून काही शिजवावं आणि ते करपावं, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

“चाललं की हे,” त्या म्हणाल्या.

“चाललं.”

“बरं झालं.” आणि पुढच्या वळणावर त्यांनी कधी नव्हे तो गिअर खरकन टाकला. संध्याकाळी त्यांची स्वतःची गाणी लागली, तीही त्यांनी अर्ध्यात बारीक केली. गुरुवारी दोन्ही वेळा तेच. मिक्सरबद्दल एक अक्षर नाही. वहिनीला स्वतःच्याच ढोलाचा कंटाळा आला.

शुक्रवारी सकाळी टेपने निळी अक्षरं दाखवली. फाइल नाही.

वहिनी चपापली. गेल्या तीन दिवसांत पेन ड्राइव्ह दुकानात गेलाच नव्हता, तेव्हा टेपवाल्यांचा यात हात असणं शक्य नव्हतं. तिने ड्राइव्ह काढून पाहिला. तसाच काळा, तेवढाच, पण त्यावरची पांढरी चिठ्ठी नव्हती. चिठ्ठी कुठे गेली, असं विचारल्यावर वन्सं आरसा नीट करत म्हणाल्या की पडली असेल कुठेतरी, हल्ली गोंद चांगला येत नाही. आज तर शुक्रवार, उद्या शनिवारच आहे, जाता जाता टेपवाल्यांना दाखवून येईन, असंही त्यांनी म्हटलं; आणि हे म्हणताना आठवड्यात पहिल्यांदाच त्यांनी मागच्या गाडीला हात दाखवून पुढे जाऊ दिलं.

प्रयोगशाळेचा गोंद शीतपेटीतसुद्धा सुटत नाही, हे वहिनीला पक्कं ठाऊक होतं. संध्याकाळी वन्सं पेट्रोल भरायला उतरल्या तेव्हा तिने समोरचा कप्पा उघडला. कागदपत्रांखाली चष्मा पुसायच्या मऊ कापडाची एक थैली होती. थैलीत पेन ड्राइव्ह, त्यावर पांढरी चिठ्ठी, चिठ्ठीवर तिच्याच अक्षरातली तारीख. वहिनीने तो होता तसा ठेवला, कप्पा लावला, आणि वन्सं परत येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून हसू दाबत राहिली. वन्सं आणि टेपवाले, दोघंही ताकाला जाऊन भांडं लपवत होते, आणि भांडं एकच होतं.

शनिवारी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दोनला वन्संच्या दुकानापाशी जाऊन उभी राहिली. हे यंत्र दुरुस्त कसं करतात ते आपल्यालाही शिकायचं आहे, असं तिने सांगितलं. वन्संना ते फारसं रुचलं नाही, पण नाही म्हणायला कारण सापडेना. दोघी चालत गल्लीत आल्या. टेपवाल्यांनी दोघींना एकदम पाहिलं आणि त्यांचा हात आपोआप टेंगळाकडे गेला.

वन्संनी पेन ड्राइव्ह दिला. टेपवाल्यांनी तो उलटा-सुलटा करून पाहिला, लॅपटॉपला लावला, आणि बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले.

“यात काहीच नाही,” ते म्हणाले.

“पुसली गेली असतील गाणी,” वन्सं म्हणाल्या.

“हा तो ड्राइव्हच नाही, बाई. त्याच्यावर चिठ्ठी होती. हा तर कधी वापरलेलाही नाही.”

वहिनी भिंतीवरच्या स्पीकरांची रांग वरून खाली मोजू लागली. टेपवाल्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत लावला.

“तुम्हाला एक सांगायचं होतं,” ते म्हणाले. “तो आधीचा मी बिघडवत होतो. मुद्दाम. दोनदा.”

“माहीत आहे मला.”

“वहिनींनी सांगितलं?”

आता वन्सं वहिनीकडे वळल्या. “तुला माहीत होतं?”

“मंगळवारपासून,” वहिनी स्पीकरांना म्हणाली.

वन्संना त्याच्याही आधी कळलं होतं. पहिल्या दोन वेळा टेपवाले प्रत्येक पायरी मोठ्याने बोलून दाखवायचे, आता हे करतोय, आता ते करतोय. चौथ्या शनिवारी ते एकदम गप्प बसले आणि त्यांनी लॅपटॉप आपल्याकडे वळवून घेतला. पण त्याच दिवशी त्यांनी नवा चष्मा लावला होता. वन्सं समोरच्या स्टुलावर, आणि काचेत लॅपटॉपचा उजळ पडदा दिसत होता. आधी नीट करून वाजवलेली गाणी सगळी पुसली जाताहेत आणि मग एक एक करून परत भरली जाताहेत, हे त्यांनी दोन्ही काचांत पाहिलं. काचेला चकाकी घालवणारा थर द्यायचा त्यांच्याकडून राहून गेला होता. तो द्यायला त्या पुढच्या शनिवारी चष्मा मागून नेणार होत्या.

“मग बोलला का नाहीत?” टेपवाल्यांनी विचारलं.

“बोलले असते तर तुम्ही थांबला असता.”

बाहेर एक स्कूटर गेली. कोपऱ्यावरून चहा घेऊन येते, असं म्हणून वहिनी निघाली. किटली काउंटरवरच होती आणि तिच्यातून वाफ निघत होती, पण तिला कोणी अडवलं नाही.

ती कोपऱ्यावर गेली, चहा घेतला नाही, आणि एका बंद शटरपाशी पंचवीस मिनिटं उभी राहिली. आनंदाने तिला नाचावंसं वाटत होतं. मधूनच मनात येत होतं की सकाळची पस्तीस मिनिटं आता किती दिवस उरली असतील. मग या विचाराचा तिलाच राग येत होता. आत काय बोलणं झालं ते तिला कधीच कळलं नाही. वन्सं बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या केसांची एक बट सुटली होती आणि ती त्यांनी मागे सारली नव्हती.

“उद्या गाडी हवी होती,” त्या म्हणाल्या. “तुम्हा दोघांना लागणार नाही ना?”

उद्या बहिणीकडे जायचं वहिनीने महिनाभर आधी ठरवलं होतं. “छे,” ती म्हणाली. “आम्हाला कुठे जायचंय?”

रविवारी सकाळी नवऱ्याने कोणी न सांगता गाडी धुतली, चाकांसकट. वन्सं दहाला निघाल्या त्या दिवेलागणीला परत आल्या. दोघं तळ्याच्या रस्त्याने लांबपर्यंत गेले होते, मध्ये एका ठिकाणी थांबून ब्रेड आणि सूप घेतलं होतं, आणि येताना गाणी लावायचीच राहिली, एवढं त्यांनी सांगितलं. वहिनीच्या नवऱ्याने एकच विचारलं, रस्ता चांगला आहे का. चांगला आहे, वन्सं म्हणाल्या, आणि आपल्या दादाच्या खांद्यावर हात ठेवून आत गेल्या.

पुढे सात महिन्यांनी त्यांनी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. टेपवाल्यांची मुलगी आली होती. तिने वन्संना आधी पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, मग वडिलांच्या चष्म्याच्या कडा पाहिल्या आणि त्यानंतर दिवसभर ती वन्संच्याच बाजूला बसली. वन्सं माडीवर राहायला गेल्या. तिथून त्यांचं काम चालत चार मिनिटांवर.

वहिनी आता सकाळी एकटी जाते. जाताना-येताना दोन्ही फोल्डर तिचेच. पहिल्या आठवड्यात तिने मिक्सर मनसोक्त लावून पाहिला. दुसऱ्या आठवड्यात नवरा म्हणाला की शाळेला तोही गाडीनेच येतो, वाटेत सोड. शाळा दहा मिनिटांवर आणि उलट्या दिशेला, पण तिने त्याला रोज सोडायला सुरुवात केली. तो गाण्यांच्या मध्ये नद्यांची माहिती सांगतो.

दर सोमवारी संध्याकाळी वन्सं प्रयोगशाळेच्या दारात उभ्या असतात, वहिनीबरोबर घरी येतात, आणि जेवायच्या वेळेला टेपवाले त्यांना न्यायला आपली सामानाची व्हॅन घेऊन येतात. पहिल्याच सोमवारी वहिनी सहज त्या व्हॅनमध्ये डोकावली, तर टेपच्या जागी नुसतं भोक होतं आणि त्यात वायरीची दोन टोकं लोंबत होती. नऊ वर्षांपासून तसंच आहे, टेपवाले ओशाळून म्हणाले, लावायचं राहून गेलं. दिव्याखाली अंधार, वन्सं म्हणाल्या, आणि आजच्या आज बसवा म्हणून हटून बसल्या. मग टेपवाले व्हॅनमध्ये आडवे झाले. वहिनीचा नवरा बाहेरून टॉर्च धरून उभा राहिला आणि उजेड सारखा भलतीकडे पाडू लागला. दोघी पायरीवर मांडीवर भांडं घेऊन वाटाणे सोलत बसल्या. आतून मधूनच टेपवाले सांगत, डावीकडे, दादा, जरा डावीकडे; आणि दादा विचारत, तुमची डावी की माझी.